मालगुजार मेला की निघून गेला

माझ्या मामाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मी त्याला जुन्या इंग्रजी भुताच्या सिनेमांवरचे प्रश्न विचारले. ऐकणाऱ्याला माझंच डोकं तपासावंसं वाटेल. पण ज्या माणसाने जन्मभर सोमवार-मंगळवारची फिकीर केली नाही, त्याला ‘आज वार कोणता’ असं विचारून काय कळणार होतं?

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गोंदिया जिल्ह्यात, गोरेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात एकटा राहतो. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. थोडं धानाचं शेत, मागे परसातली सांदवाडी, दारात एक जुनी मोपेड, आणि कोणी ‘चल माझ्याकडे राहायला’ म्हटलं की चढणारा राग, एवढा त्याचा संसार. बाजाराच्या दिवशी घरी परतताना रस्त्यात डुक्कर आडवं आलं आणि मामा मोपेडसकट आडवा झाला. उठला, धोतर झटकलं, घरी जाऊन जेवला आणि झोपला. सकाळी शेजारीण चहा घेऊन गेली तर हा कप हातात धरून त्याचं काय करायचं असतं ते आठवत बसला होता. तिने आरडाओरडा केला, लोकांनी गाडी केली आणि त्याला गोंदियाला आणलं. मेंदूवर रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं.

मी गोंदियातच राहते आणि एका राइस मिलच्या ऑफिसात काम करते. त्यामुळे कागदावर सही माझी, डबा माझा, आणि रात्री छताकडे बघत पडायचं कामही माझंच. बाकीचे नातेवाईक फोनवर फार हळहळायचे. हळहळण्यात आमचं घराणं कुठे कमी पडत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मूळच्या नागपूरच्या, आणि गोंदियात सगळे बोलतात तसं अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायच्या. ऑपरेशननंतर मामा जागा झाला, डोळे फिरवू लागला, थोडं थोडं बोलूही लागला, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ‘‘जिवाला धोका नाही. पण दिमाग कितना वापस आया, ते आपल्याला बघावं लागेल. आठवणी बरोबर असतील तर घरी जाऊ दे. गडबड असेल तर यांना अकेला मत रखना, किसी भी हालत में.’’

त्या अगदी सरळ बोलल्या, आणि मी मनातल्या मनात घराची मापं घेऊ लागले. कारण एकटं ठेवायचं नाही म्हणजे माझ्याकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मोतीबिंदूच्या वेळी मामा आठवडाभर माझ्याकडे राहिला होता, तो सगळा वेळ जिन्याच्या पायऱ्यांवर बसून होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘कुठं चालले जी?’ असं विचारायचा. पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू माझ्याकडे तक्रार घेऊन आला की हा म्हातारा आमच्यावर नजर ठेवतो. मामाला कायमचं त्या पायऱ्यांवर बसवायचं म्हणजे त्याला मारून टाकण्यासारखंच होतं, आणि ते काम माझ्या हातून होणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचे नेहमीचे प्रश्न विचारले. नाव त्याने बरोबर सांगितलं. गाव सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘बाबा, साल कौन सा चल रहा है?’’

मामा म्हणाला, ‘‘चालू असन कोनतातरी. मले कायले पायजे?’’

‘‘आज कोणता वार?’’

‘‘बाजार नाई आज.’’

आता हे उत्तर माझ्या मते पूर्ण शहाण्या माणसाचं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. ज्यांना आठवत नाही ते पेशंट असाच विषय फिरवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटंही नसावं. त्यांनी मला सांगितलं, ‘‘ऐसा कुछ पूछो जो इनको एकदम पक्कं माहीत आहे. तुम्हाला पण माहीत पाहिजे, म्हणजे चूक-बरोबर कळेल.’’

मी विचारात पडले. मामाला पक्कं काय माहीत आहे? धान. पण धानाबद्दल काहीही विचारलं तरी ‘पानी आला तं होते’ हे एकच उत्तर येणार, आणि ते या जिल्ह्यातला कोणीही झोपेत देऊ शकतो. नातेवाइकांबद्दल विचारावं तर त्यातल्या निम्म्यांशी त्याचं भांडण, त्यांची नावं तो शहाणा असतानाही घेत नसे. आणि मग मला त्याचे सिनेमे आठवले.

मी शाळेत होते तेव्हा मामाकडे एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि एक जनरेटर होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दुकानं लागतात, आणि जेवणं उरकली की नाटक नाहीतर दंडारीचा खेळ असतो. नाटक बोलावणं ज्या गावाला झेपायचं नाही, तिथे मामा जायचा. बैल सोडलेल्या बंडीवर टीव्ही मांडायचा, खाली बारदाना अंथरायचा आणि समोर अख्खं गाव बसायचं. चांगल्या हिंदी कॅसेटी गोंदियातले मोठे व्हिडिओवाले आधीच उचलून न्यायचे. मामाच्या वाट्याला उरायचे ते कोणी न नेलेले, जुने, इंग्रजी, भुताचे.

इंग्रजी मामाला येत नव्हतं, मराठी शाळेशीच त्याचं जमलं नव्हतं. पण म्हणून तो अडून बसला नाही. आवाज बारीक करायचा, हातात एक काडी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहायचा आणि सिनेमा स्वतःच सांगायचा. एरवी झाडीबोलीत, पोवारांच्या गावात पोवारीत, जंगलपट्टीत गेला की मोडक्यातोडक्या गोंडीत. पात्रांची नावंही त्याचीच. काळा झगा घालून दिवसा पेटीत झोपणारा आणि अंधार पडला की उठून लोकांचं रक्त पिणारा तो उंच, गोरा माणूस म्हणजे मालगुजार, आमच्याकडचा जुना जमीनदार. हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा वाकलेला नोकर म्हणजे दिवाणजी. जिच्या मानेकडे मालगुजाराचं सारखं लक्ष, ती गुरुजीची पोरगी.

मामाचा एक नियम होता, आणि तो त्याने कधी मोडला नाही. एक तोंड म्हणजे एक माणूस. नट नावाची काही जात असते आणि ती आज हा, उद्या तो होते, हे त्याला मान्य नव्हतं. गाल बसलेला एक बारीक नट त्या सिनेमांत वरचेवर यायचा. एका कॅसेटीत तो मालगुजाराच्या मागे लागलेला भला डॉक्टर, तर दुसऱ्या कॅसेटीत मुडदे उकरून आणणारा आणि त्यांच्यावर भलतेसलते प्रयोग करणारा. लोक गोंधळले. मामाने काडी टेकवून खुलासा केला, ‘‘डॉक्टरची बदली झाली. बढती अडली, अन् डोस्कं फिरलं.’’ आमच्याकडे साहेबलोक शिक्षा म्हणून पाठवले जातात असा जुना समज आहे. त्यामुळे बदलीने भला माणूस बिघडतो, हे साऱ्या गावाला एका दमात पटलं.

आमच्या गावच्या मंडईत पाहिलेला मालगुजाराचा शेवट तर मला आजही पाठ आहे. डॉक्टर खिडकीवरचा पडदा ओढतो, ऊन आत येतं, मालगुजार तडफडतो, धूर होतो. मामाने काडीने टीव्हीच्या काचेवर टकटक केलं आणि सांगितलं, ‘‘झाली राख. आता हा कोनाच्याच घरी येत नाई. चला, निंगा.’’ लोक उठले, बायकांनी झोपलेली पोरं खांद्यावर टाकली. शाळेतल्या कविता मी विसरले, पण ही राख कधी विसरले नाही.

तर मी मोबाइल काढला. असल्या सिनेमांवरची प्रश्नमंजूषा शोधली, हिंदीत मिळालीही. पण काय ते प्रश्न. ‘मेल्यावर परत येणारा कोण?’ अरे बाबा, त्या सिनेमांत मेल्यावर परत न येणारा कोण ते विचार. ‘या राक्षसाचं काम कोणी केलं?’ खाली चार नटांची नावं, आणि त्या चौघांनीही कधी ना कधी तेच काम केलेलं. एका प्रश्नात तर डॉक्टर कोणता आणि त्याने तयार केलेला राक्षस कोणता, याचाच प्रश्न काढणाऱ्याला पत्ता नव्हता. असे प्रश्न काढणाऱ्यांना समोर बसवून तेच सिनेमे दाखवले पाहिजेत, आणि मध्ये पाणीही देऊ नये.

तरी एक बरा प्रश्न मी निवडला. डॉक्टरीणबाई राउंडला आल्याच होत्या, त्या मागे उभ्या राहिल्या. मी विचारलं, ‘‘मामा, त्या रक्त पिनाऱ्याले कोनं मारलं? डॉक्टरनं ना?’’

मामा म्हणाला, ‘‘डॉक्टर कोनाले मारते? त्याची बदली झाली.’’

मी ‘डॉक्टर’ सोडून दुसरं उत्तर दाबलं, तशी मोबाइलवर लाल फुली आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘गलत?’’

‘‘नाही मॅडम, बरोबर आहे,’’ मी म्हणाले. ‘‘म्हणजे सिनेमाच्या हिशेबाने चूक, पण त्याच्या हिशेबाने बरोबर.’’

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता दोघांची तपासणी करावी लागते की काय. पण त्या रागावल्या नाहीत. ‘‘ठीक आहे,’’ म्हणाल्या, ‘‘मग त्यांच्याच हिशेबाचं विचारा. लेकिन पक्का.’’

मग मी सगळ्यात पक्कं तेच विचारलं. ‘‘मामा, मालगुजाराचं शेवटी काय झालं?’’

मामाने पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘निंगून गेला.’’

‘‘कुठं निंगून गेला? ऊन पडलं ना त्याच्यावर?’’

‘‘पडलं. धूर झाला अन् निंगून गेला.’’

‘‘अरे मामा, राख झाली ना त्याची? तूच तं सांगितलं होतं.’’

‘‘कायची राख?’’ मामा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. डॉक्टरीणबाईंना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. जाताना एवढंच म्हणाल्या, ‘‘उद्या पुन्हा बघू. पण घरात जागा करून ठेवा.’’

त्या संध्याकाळी मी घरी येऊन खाट कुठे बसेल ते पाहू लागले. खिडकीपाशी लावली तर कपाट उघडत नाही, कपाट हलवलं तर दार अडतं. मग मी त्या कपाटाला टेकून रडले. मला मनापासून भीती वाटली होती. मामा गावचं, नात्याचं, शेताचं काहीही विसरला असता तर मी समजून घेतलं असतं. पण मालगुजाराची राख हा विसरू कसा शकतो? ती त्यानेच तर केली होती. आमच्या साऱ्या गावासमोर काडी वाजवून केली होती. ज्याला स्वतःची गोष्ट आठवत नाही, त्याला चूल बंद करायची तरी आठवेल का, असा विचार करत मी बसले.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा मामा झोपला होता. शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते, अर्जुनी मोरगावकडचे. त्यांची बायको त्यांच्या उशाशी बसून असायची, हातात सदा काहीतरी निवडायचं घेऊन. त्या दिवशी मेथी होती. आमची तोवर हसण्यापुरतीच ओळख होती. मी बसले तशी ती म्हणाली, ‘‘बाई, काल तू ह्या बुवाले मालगुजाराचं इचारून रायली होती ना?’’

मी हो म्हणाले.

‘‘मंग त्याईचं बरोबर हाये. तूच काऊन राख राख करून रायली होती? तो कुठं मेला? निंगूनच गेला होता.’’

मी डबा खाली ठेवला. विचारलं, तुम्हाला कसं माहीत? ती म्हणाली, तिच्या गावच्या मंडईत बंडीवर टीव्ही आला होता, तेव्हा तिचं नवीनच लग्न झालं होतं. सांगणारा माणूस काडी घेऊन उभा होता. तोंड आता आठवत नाही, पण आवाज हाच. काल प्रश्न ऐकला तेव्हापासून तिला राहवत नव्हतं. ‘‘धूर होऊन निंगून गेला, अन् दुसऱ्या रोजी पट्ट्या बांधून आला. उन्हानं भाजला होता ना, मंग सारं आंग पट्ट्यायनं बांधलं. हात असे पुढं करून चालत जाय.’’ मेथीची काडी हातात धरून तिने चालून दाखवलं.

मला एकदम उलगडा झाला. तोच उंच नट दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमात पट्ट्या गुंडाळलेला मुडदा झाला असणार. एक तोंड, एक माणूस. मामाने मलमपट्टी करून टाकली. ती कॅसेट आमच्या गावी कधी आलीच नव्हती.

दाराजवळच्या खाटेपाशी एक माणूस भावाची सोबत करत होता. कचारगडाच्या पायथ्याशी त्यांचं गाव, जंगलखात्याच्या कामावर जाणारा, फार बोलत नसे. तो उठून आमच्याजवळ आला आणि म्हणाला, ‘‘दोघीचंही चुकून रायलं. मालगुजाराले लांडग्यानं नेला.’’

‘‘लांडगा कुठून आला मधीच?’’ आजी म्हणाली.

‘‘होता ना. मानसाचा लांडगा होते तो. त्यानंच नेला मालगुजाराले, गावाची सुटका केली. आमच्याकडे लांडगा चांगला होता.’’

‘‘चांगला कसा असन? रात्री उठून लोकायले खाय तो.’’

‘‘तुमच्याकडे खात असन. आमच्या बुढ्यायनं सांगतलं, लांडगा असा करत नाई. जंगलात आमी रायतो का तुमी?’’

बघता बघता वॉर्ड दोन पक्षांत वाटला गेला. डोक्याला टाके पडलेले आजोबा उशीवरून मान उचलून बायकोची बाजू घेऊ लागले. एका पेशंटच्या मुलीने मोबाइलवर शोधून खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, तिला कोणी विचारलं नाही. शेवटी नर्स आली आणि हा दवाखाना आहे की ग्रामसभा, असं हिंदीत विचारून गेली.

मी मात्र थोडी सावरले होते. मामाने प्रत्येक गावाला वेगळा शेवट सांगितला होता, म्हणजे ‘निंगून गेला’ हे उत्तर चूक नव्हतं. पण पूर्ण सुटल्यासारखंही वाटेना. तीन शेवट एकाच डोक्यात होते, आणि पडल्यावर ते एकमेकांत मिसळले नसतील कशावरून? त्याने समोर आला तो शेवट उचलून मला दिला असेल. हे कसं ओळखायचं, ते मला कळत नव्हतं. खरं तर त्या मोबाइलवाल्यांसारखाच माझाही प्रश्न अर्धवट होता, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. मामा जागा होता, डोळ्यांवर हात घेऊन पडला होता. मी म्हटलं, मॅडम, कालचंच परत विचारते. मनात म्हटलं, आता जे यायचं ते येऊ दे. आजीने मेथी खाली ठेवली.

‘‘मामा, मालगुजाराचं शेवटी काय झालं?’’

मामाने डोळ्यांवरचा हात काढला. मला ओळखीचा असलेला तो जुना वैताग त्याच्या तोंडावर आला. म्हणाला, ‘‘कालपासून एकच इचारून रायली. कोन्या गावचं सांगू?’’

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘मतलब?’’

‘‘मतलब का? हरेक गावचं अलग हाये ना,’’ मामा म्हणाला, आणि ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा तो न थांबता बोलू लागला. ‘‘मोरगावकडे निंगून गेला. माझ्यापाशी पट्ट्यावाली कॅसेट बाकी होती. पयल्याच रोजी मारला असता तं दुसऱ्या रोजी पाहाले कोन आला असता?’’

आजीने विजयी मुद्रेने दाराकडे पाहिलं.

‘‘कचारगडाकडे लांडग्यानं नेला. तिथल्या बुढ्यायनं मले बोलूच नाई देल्लं. म्हने, लांडग्याची बदनामी कायले करतोस? मंग लांडगाच चांगला केला. अन् एका गावी तं खऱ्या मालगुजाराचा नातू पुढं खुर्ची टाकून बसला होता. तिथं मालगुजार म्हनलंच नाई. तहसीलदार म्हनलं.’’

दाराजवळचा माणूस पहिल्यांदाच हसला. डॉक्टरीणबाईंचं पेन हातातच राहिलं होतं. मामाचा आवाज घोगरा होता, मध्ये दम लागत होता, पण एकाही गावाचा शेवट दुसऱ्या गावाला गेला नाही. प्रत्येक शेवट जागच्या जागी होता, आणि तो तसा का केला तेही जागच्या जागी होतं. इतकी वर्षं हा माणूस हे सगळं डोक्यात नीट लावून बसला होता, आणि मी कपाट हलवत होते.

‘‘अन् आमच्या गावी?’’ मी विचारलं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुया गावी मारला,’’ तो म्हणाला. ‘‘तिथंही निंगूनच जानार होता. पन तू पुढं बसून चड्डीत मुतली होती भेवानं. तुई माय मले म्हने, आता इले आठ दिवस कोन झोपवन? मंग का करू? मारला. राखच करून टाकली.’’

वॉर्ड हसला. टाके पडलेले आजोबा हसले, त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसली, नर्स दारात थांबून हसली. मी एवढी मोठी बाई, ऑफिसात लोक मला वचकून असतात, आणि माझी चड्डी साऱ्या वॉर्डासमोर निघाली होती. मला जराही लाज वाटली नाही. आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही थांबवायची मला गरज वाटत नव्हती. त्या रात्री मी आईच्या मांडीवर झोपून गेले असणार, राख झालेला माणूस परत येत नाही या भरवशावर. तो भरवसा मामाने माझ्यापुरता, एका गावापुरता तयार केला होता, आणि त्यासाठी हाताशी असलेली दुसऱ्या दिवसाची कॅसेट आमच्या गावी त्याने दाखवलीच नाही. हे आईने मला कधी सांगितलं नाही, मामानेही नाही. डोकं फुटलं नसतं तर सांगितलंही नसतं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, हसूनच पाणी आलं होतं ते. मग कागद खाली ठेवून त्या मामाच्या खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, सब ठीक है. घरी जा तुम्ही. पण मला एक सांगा. असली में क्या हुआ था? पिक्चरमध्ये खरं काय होतं?’’

मामाने खांदे उडवले.

‘‘मले का मालूम?’’ तो म्हणाला. ‘‘इंग्रजी होता.’’

दवाखान्यातून सुट्टी मिळाली तशी मी त्याला गोरेगावच्या रस्त्याने त्याच्या गावी नेऊन सोडलं. शेजारणीकडून किल्ली घेऊन दाराचं कुलूप त्याने स्वतः उघडलं, आणि मी आत पाऊल टाकायच्या आधीच विचारलं, तू परत कधी जातेस?